रॅकला चाकं लावण्याआधी जमीन बघा

आमच्या भोसरीच्या गाळ्यात जागेची ओढाताण सुरू झाली तेव्हा मालकांच्या डोक्यात आलं, की फिक्स्चर (मशीनवर काम पकडून धरायची साधनं) आणि डायांचे (साच्यांचे) रॅक भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा त्यांना चाकंच लावू. लागेल तेव्हा मशीनजवळ आणायचे, काम झालं की कोपऱ्यात सारायचे. स्टोअर माझ्याकडे, म्हणून हे कामही माझ्याकडे आलं. मी हिशोब केला: रॅक आणि माल मिळून साधारण ९०० किलो, बाजारात २५० किलोचं चाक मिळतं, अडीचशे चोक हजार. चार रॅकची सोळा चाकं आणली आणि दोन दिवसांत बसवूनही टाकली.

पहिल्याच महिन्यात शटरच्या खोबणीत एका चाकाचा फोर्क, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी चिमटा, वाकला. नंतर रबराची चाकं एका जागी बसून चपटी झाली आणि रॅक हलवला की टांग्यासारखा टपटप वाजायला लागला. हलवायला तीन माणसं लागायची. आमचे हमाल म्हणाले, "साहेब, यापेक्षा डाया खांद्यावर नेलेल्या परवडल्या." शेवटी सोळाच्या सोळा चाकं भंगारात गेली. दुसऱ्या खेपेला जे शिकून घेतलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी एक खुलासा. हाताने ढकलायच्या, साधारण ३०० ते १५०० किलोच्या रॅकसाठी हे आहे. रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर रॅक हा वेगळा विषय आहे. गोदामातल्या उंच पॅलेट रॅकला तर चाकं लावायच्या फंदात पडूच नका. त्यांचे खांब जमिनीला बोल्टने आवळलेले असतील असं धरूनच ते बनवलेले असतात. बोल्ट काढून खाली चाक दिलं की तो रॅक राहत नाही, पत्त्यांचा बंगला होतो.

हाताशी काय हवं

- मेजरिंग टेप, खडू, गुण्या
- पाण्याची लेव्हल नळी किंवा बऱ्यापैकी लांब स्पिरिट लेव्हल
- ५० किलोचा लटकवायचा ताणकाटा
- रॅकचं ड्रॉइंग. नसेल तर हाताने काढलेलं, मापं टाकलेलं चित्र
- रॅकवर काय काय ठेवणार त्याची वजनासह यादी
- चाकाच्या कंपनीचं कॅटलॉग पान, ज्यावर भार, व्यास, एकूण उंची आणि प्लेटची (फोर्कच्या वरची, रॅकला लागणारी पट्टी) भोकं छापलेली आहेत

शेवटची वस्तू दुकानदार सहसा आपणहून देत नाही, मागावी लागते.

१. वजन अंदाजाने धरू नका

"असेल की सात-आठशे किलो" या वाक्याने आमचं निम्मं नुकसान केलं. लोखंडाचं वजन दिसण्यापेक्षा जास्त भरतं. एक लिटर जागेत मावणारं पोलाद ७.८५ किलोचं असतं. म्हणजे ३०० × २०० × १०० मिमीचा ठोकळा, जो दोन हातांत सहज धरता येईल असं वाटतं, तो ४७ किलोचा होतो. तसे सोळा ठोकळे म्हणजे साडेसातशे किलो. यादी करा आणि प्रत्येक वस्तूसमोर वजन लिहा. ज्यांचं माहीत नाही ती काट्यावर ठेवा.

रॅकचं स्वतःचं वजनही धरा. सी चॅनेलची बेस फ्रेम, अँगल, पत्र्याचे खण, सगळं मिळून आमचा एक रॅक १४० किलोचा भरला; मी तो ऐंशीचा समजत होतो. आणि आज जेवढा माल आहे तेवढाच धरू नका. मोकळा खण आमच्याकडे आठवडाभरसुद्धा मोकळा राहत नाही, तुमच्याकडेही राहणार नाही.

२. चारने भागू नका, तीनने भागा

माझी मुख्य चूक इथे झाली. चार पायांचं टेबल उंचसखल जागी डुगडुगतं, कारण एक पाय हवेत असतो. रॅकचंही तेच. जमीन कितीही सपाट दिसली तरी एखादं चाक अधूनमधून भार सोडतं आणि तो भार बाकीच्या तिघांवर जातो. म्हणून एकूण वजनाला तीनने भागायचं.

आमचा आकडा असा: माल ७८०, रॅक १४०, एकूण ९२० किलो. तीनने भागलं की ३०७. त्यावर खड्डे आणि धक्क्यांसाठी मी ३० टक्के वाढ धरतो, म्हणजे ४०० किलो. मी आणलेली चाकं होती २५०ची. फोर्क वाकला यात चाकाचा काही दोष नव्हता.

"मग सहा चाकं लावू" असं कोणीतरी म्हणतंच. सहा चाकांत भार सहा सारख्या वाट्यांत जाईल हा भ्रम आहे. जमिनीला जरा उंचवटा आला की मधली दोन चाकं सगळा भार घेतात आणि टोकाची लोंबकळतात. उलट खळगा आला की मधली हवेत. लांब रॅकला, म्हणजे दोन मीटरच्या पुढे, सहा चाकं लागतात ती फ्रेम मध्ये झुकू नये म्हणून. भार कमी होईल या आशेने लावू नका.

कॅटलॉगमधल्या आकड्यालाही अटी असतात. औद्योगिक कॅस्टरसाठी, म्हणजे फोर्कसकट मिळणाऱ्या चाकांसाठी, आयएसओ २२८८३ हे मानक आहे आणि ते सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आहे. त्याहून वेगाने चालणाऱ्या चाकांसाठी आयएसओ २२८८४ हे वेगळं मानक आहे. थोडक्यात, हाताने ढकलायचं चाक माणसाच्या चालीपुरतंच. तुमच्याकडे कोणी फोर्कलिफ्टला दोरी बांधून रॅक ओढणार असेल, तर दुकानात ते आधी सांगा, किंवा त्या ड्रायव्हरला आधी समजवा. दुसरं काम स्वस्त पडतं.

३. रॅक जिथून जाणार तो रस्ता पायी चाला

चाक कुठलं घ्यायचं याचा निर्णय निम्म्याहून अधिक जमीन करते. त्यामुळे कॅटलॉग उघडण्याआधी खडू घेऊन गाळ्यात एक फेरी मारा आणि रॅक जिथे उभा राहणार तिथून जिथे जाणार तिथपर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक अडथळ्याला खूण करा.

काय काय सापडतं? ट्रिमिक्सच्या, म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेल्या काँक्रीटच्या, जमिनीत कटर मारलेले जॉइंट असतात. नवे असताना बारीक, पण काही वर्षांनी कडा फुटून बोटभर रुंद होतात. शटरची खोबणी असते. नाल्यावरची जाळी असते. जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला तिथे पायरी असते. ऑफिसच्या दाराशी कोटा फरशी सुरू होते. आणि मशीनच्या आजूबाजूला बर, म्हणजे लोखंडाचा कीस, कितीही झाडला तरी असतोच.

प्रत्येक पायरीची उंची मोजा. दहा मिमीला लोक काही समजत नाहीत, म्हणून आकडेच देतो. २३० किलो भार असलेलं कडक चाक १० मिमीच्या पायरीला टेकून उभं आहे आणि तिथूनच वर चढवायचं आहे असं धरा. १०० मिमी व्यासाच्या चाकाला साधारण १७० किलोचा आडवा जोर लागतो, १५०च्या चाकाला १३०, आणि २००च्या चाकाला ११०. हे एका चाकाचं झालं. पायरीला दोन चाकं एकदमच भिडतात, म्हणून दुप्पट करा. एवढा जोर कोणाच्याच अंगात नसतो. मग माणसं काय करतात? रॅक मागे घेतात आणि पळवत आणून आदळतात. फोर्क वाकतात ते तेव्हा.

यावर मोठं चाक हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा म्हणजे पायरीच घालवणं. आम्ही शटरच्या खोबणीवर ६ मिमीचा पत्रा दोन्हीकडून उतार देऊन टाकला आणि फुटलेले जॉइंट भरून घेतले. या कामाला एक रविवार गेला. चाकांवर नंतर जो खर्च केला त्यापेक्षा याचाच उपयोग जास्त झाला, असं माझं आजही मत आहे.

आता उतार. शेडच्या जमिनीला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या नळीने दोन टोकांची पातळी बघा. मीटरमागे १ सेंटीमीटर ढाळ असेल तर ९२० किलोचा रॅक कायम ९ किलोच्या जोराने खाली सरकायला बघतो. मीटरमागे २ सेंटीमीटर असेल तर १८ किलोने. कडक, हलकी फिरणारी चाकं बसवली तर असा रॅक ब्रेक विसरताच रात्री स्वतःच फिरायला निघेल.

४. चाकाचं मटेरियल

बाजारात अवजड कामासाठी मुख्यतः चार प्रकार दिसतात.

बिडाचं चाक, म्हणजे सीआय. उष्णता सोसतं, बर त्यात रुतत नाही, भार भरपूर घेतं. पण आवाज असा की शेजारच्या गाळ्यातला माणूस बाहेर येऊन बघतो, आणि इपॉक्सी किंवा कोटा फरशीची पार वाट लावतं. फाउंड्री, भट्टी, हीट ट्रीटमेंट अशा ठिकाणी हेच घ्या.

नायलॉनही भार चांगला घेतो आणि ढकलायला सगळ्यात हलका. पाणी, तेल, बऱ्याच रसायनांना दाद देत नाही; तीव्र आम्लापासून मात्र लांब ठेवा. कडक असल्याने खडखडतो आणि बारीक खड्यावरही अडतो. धुण्याची जागा, मासळी प्रक्रिया, रत्नागिरी-गोव्याकडची खारी हवा अशा ठिकाणी नायलॉनचं चाक आणि स्टेनलेसचा फोर्क ही जोडी टिकते. साध्या झिंक प्लेटिंगचा तिथे पावसाळ्यात भरवसा नाही.

रबर मऊ आणि शांत. पण ढकलायला जड, आणि भार ठेवून आठवडाभर एका जागी उभं केलं की चपटं होतं. ट्रॉली दिवसभर फिरते, तिला रबर चालतं. रॅक दिवसाचे तेवीस तास उभाच असतो. रॅकला रबर नको, एवढं एक वाक्य मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पीयू, म्हणजे बिडाच्या चाकावर पॉलियुरेथेनचा थर. आमच्यासारख्या मशीन शॉपला बहुतेक वेळा हेच योग्य पडतं. जमिनीला जपतं, आवाज कमी, भारही पुरेसा घेतं. याच्या खोड्या तीन. बर त्यात रुतून बसते आणि मग चाक फरशीवर ओरखडे काढत जातं. उष्णता याला फारशी सोसत नाही, भट्टीजवळ नेऊ नका. आणि पॉलिएस्टर जातीचा पीयू गरम पाणी आणि वाफेच्या सततच्या संपर्कात कुजतो, तुकडे पडू लागतात. ओल्या जागी न्यायचं असेल तर पॉलिइथर जातीचा आहे का ते विचारा. कडकपणा शोअर ए मापात सांगतात. अवजड कामासाठी ९० ते ९५च्या आसपासचा मागा आणि तो आकडा लिहून घ्या.

एक युक्ती इथेच सांगून टाकतो. दुकानात "नायलॉन, नायलॉन" म्हणून पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचं चाक हातात देतात. रंगावरून कळत नाही. चाकाच्या कडेवरून सुरीने एक कपची काढा आणि पाण्याच्या ग्लासात टाकून बोटाने खाली दाबा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगत वर येतं. दुकानदाराचा चेहरा उतरला तर उतरू द्या.

५. व्यास आणि उंची

माझा सरळ नियम: ५०० किलोच्या पुढे १५० मिमीच्या खाली जायचं नाही, आणि जमीन खराब असेल तर २००. चाक मोठं तेवढं ढकलायला हलकं आणि पायरी चढायला सोपं, वर आकडे दिलेच आहेत.

पण मोठ्या चाकाने रॅकही वर जातो. १५०च्या चाकाची प्लेटपर्यंतची उंची बहुतेक कंपन्यांत १९० ते २०० मिमीच्या घरात असते. म्हणजे रॅक जवळजवळ एक वीत उंचावतो. वरच्या खणाला हात पोचतो का? शटरखालून जातो का? क्रेनच्या हुकाला, ट्यूबलाइटला लागतो का? आमचा एक रॅक बाहेरून रंगवून आणला आणि दारातूनच आत जाईना. मग भर रस्त्यात वरचा अँगल कापला.

६. फोर्क, प्लेट, बेअरिंग

लोक चाक बघतात, पण मोडतो बहुधा फोर्क किंवा त्याच्या वरचा फिरता भाग. त्या फिरत्या भागात गोळ्यांच्या दोन रांगा आहेत का बघा. मध्ये एक खिळा ठोकून सगळं धरलेलं असतं ती स्वस्त जात. धक्के खाऊन तो खिळा सैल होतो आणि चाक डुलायला लागतं. खिळा नसलेली, मोठ्या कड्यात गोळ्या बसवलेली जात महाग असते, पण पायरीवर आदळणाऱ्या रॅकला तीच पुरते. दुकानात चाक उलटं धरून फोर्क हातांनी हलवून बघा. नवा असतानाच खुळखुळत असेल तर परत ठेवा.

चाकाच्या आत साधं भोक नको, बॉल बेअरिंग हवं, आणि जमलं तर दोन्ही बाजूंनी झाकलेलं. ६२०४सारखं प्रचलित नंबरचं बेअरिंग असेल तर उद्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. वर ग्रीस निपल असावं.

प्लेटच्या भोकांची अंतरं मात्र मापून घ्या. कंपनी बदलली की अंतर बदलतं, आणि फ्रेमला आधी भोकं पाडून ठेवली असतील तर मग दिवसभर कानशीने भोकं लांबवत बसावं लागतं.

७. फिरती किती, फिक्स किती, ब्रेक कुठे

नेहमीची आणि मला पटलेली रचना म्हणजे एका टोकाला दोन फिक्स (दिशा न बदलणारी), दुसऱ्या टोकाला दोन फिरती (कुठल्याही दिशेला वळणारी). दुकानात फिरत्याला रिव्हॉल्विंग म्हणतात. ढकलणारा माणूस फिरत्या चाकांच्या बाजूला उभा राहतो. सरळ जाताना रॅक भरकटत नाही आणि वळताना ऐकतो.

चारही फिरती घ्यायचा मोह होतो, कारण रॅक आडवाही सरकवता येतो. जागा फारच अरुंद असेल तर घ्या, पण मग त्यातल्या दोघांना दिशा लॉक करायची सोय हवी. नाहीतर ढाळावर रॅक खेकड्यासारखा तिरका पळतो.

ब्रेक दोन प्रकारचे. एक नुसतं चाक थांबवतो, दुसरा चाक आणि वरचा फिरता भाग दोन्ही जखडतो. रॅकला दुसराच घ्या. नुसतं चाक थांबलं तरी फोर्क फिरत राहतो आणि माल काढताना रॅक इकडेतिकडे डोलतो. पेडल बाहेरच्या बाजूला येईल, सेफ्टी शूज घातलेल्या पायाने दाबता येईल असं बघा. चाकावर दाबून बसणारा ब्रेक चाक झिजल्यावर धरत नाही, म्हणून महिन्याला तपासायचा.

आणखी एक गोष्ट करून घ्या. चारी कोपऱ्यांना स्क्रू जॅक, म्हणजे खाली गोल पाय असलेले जाड बोल्ट. रॅक जागेवर आला की पान्याने फिरवायचे, चाकांवरचा भार उतरतो. चाकं चपटी होत नाहीत, रॅक हलत नाही, ब्रेकवर भरवसा ठेवावा लागत नाही. माणसं आळस करतील हे खरं. आमच्याकडे करतात. म्हणून मी पान्याला साखळी बांधून रॅकलाच लटकवलाय.

८. रॅक कलंडेल का

या मुद्द्यावर कोणी बोलत नाही, आणि माणूस दगावू शकतो तो इथेच. म्हणून जरा सावकाश वाचा.

आमचा रॅक १८०० मिमी उंच, १२०० लांब, ६०० खोल. माल सगळ्या खणांत सारखा, म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून ९०० मिमीवर. खोलीच्या दिशेने बघितलं तर मध्यापासून कड ३०० मिमीवर. पण चाकाची प्लेट आतल्या बाजूला बसते, त्यामुळे प्लेटचा मध्य २४५वर येतो. शिवाय फिरतं चाक रॅक चालू लागला की मागे वळतं, आणि त्याचा जमिनीला टेकणारा भाग प्लेटच्या मध्यापासून आणखी ५० मिमी मागे राहतो. म्हणजे पुढच्या चाकांचा आधार प्रत्यक्षात मध्यापासून जेमतेम २०० मिमीवर. आपल्याला दिसतो ६०० मिमीचा पाया, आणि रॅक उभा असतो त्याहून कितीतरी अरुंद पायावर.

असा रॅक आडव्या, म्हणजे ६०० मिमीच्या दिशेने ढकलत नेताना पुढची चाकं जॉइंटमध्ये अडकून जागीच थांबली, तर किती वेगाला तो पुढे कलंडेल? ढोबळ हिशोबाने ताशी ३ किलोमीटरच्या आतच. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. तोच रॅक लांबीच्या दिशेने नेला तर हा वेग ताशी ७ किलोमीटरच्या वर जातो.

यातून आमच्या गाळ्यात पुढचे नियम झाले:

- रॅक न्यायचा तो लांबीच्या दिशेनेच. आडवा सरकवायचा असेल तर दोन माणसं, आणि अगदी इंचाइंचाने.
- जड डाया खालच्या दोन खणांत. वर फक्त पुठ्ठ्याचे खोके, गेज, हलका माल.
- उंची खोलीच्या तिपटीपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बेस फ्रेम दोन्ही बाजूंना बाहेर काढून चाकं रुंद बसवायची.
- रॅक ओढायचा नाही, ढकलायचा. ओढणारा माणूस पडणाऱ्या रॅकच्या बरोबर समोर असतो.
- कलंडणारा रॅक हाताने धरायला जायचं नाही. बाजूला व्हायचं. माल परत करता येतो.

९. दुकानात

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. दोन्हीकडे चाकांचे ढीग असतात आणि दोन्हीकडे "हे घ्या, टनाचं वजन घेतं" असं ऐकू येतं. टन एका चाकाला की चारांना, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तराला जरा उशीर होतो.

आधी एकच नमुना आणा. तो फ्रेमखाली धरा, भोकं जुळवा, प्लेटची जाडी मोजा. मग बाकीची मागवा, आणि सगळी एकाच लॉटची. बिलावर नुसतं "कॅस्टर व्हील ४ नग" असं लिहू देऊ नका. व्यास, रुंदी, मटेरियल, बेअरिंग, फिक्स की फिरतं, ब्रेक आहे की नाही, आणि एका चाकाची भारक्षमता हे सगळं लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर हेच कामाला येतं.

बिलावरच्या एचएसएन कोडकडेही, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याकडे, लक्ष द्या. त्या वर्गीकरणाच्या ८३ व्या प्रकरणात कॅस्टर म्हणून जी चाकं येतात ती ७५ मिमी व्यासापर्यंतची, किंवा व्यास त्याहून मोठा असला तरी ३० मिमीपेक्षा कमी रुंदीची. आपली १५० व्यासाची ५० रुंदीची चाकं त्या व्याख्येत बसत नाहीत. दुकानदार सवयीने तोच कोड टाकतो. सीएला दाखवून घ्या.

१०. बसवणं

चाक थेट रॅकच्या पायाला वेल्ड करू नका. उष्णतेने आतलं ग्रीस जळतं, गोळ्यांची वाट खराब होते, पीयूला धग लागते, आणि झिंकचा धूर वेल्डरच्या छातीत जातो. शिवाय उद्या चाक बदलायचं तर गॅस कटर लागेल. खाली सी चॅनेलची चौकट करा, कोपऱ्यांत १० मिमीच्या पट्ट्या वेल्ड करा, त्यांना भोकं पाडा आणि चाकं बोल्टने लावा. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). चौकट वेल्डिंगने पिळवटते, म्हणून चाकं लावण्याआधी सपाट जागी उलटी ठेवून चारही पट्ट्यांची पातळी बघा. फरक असेल तिथे पातळ पत्र्याची शिम द्या.

दोन्ही फिक्स चाकं एकमेकांना तंतोतंत समांतर हवीत. दोन चाकांमधलं अंतर पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला मोजा. दोन्ही सारखं यायला हवं. मिस्त्रीला "डोळ्याने बघितलं, सरळ आहे" म्हणू देऊ नका. आमच्या एका रॅकला ३ मिमीचा फरक होता, तो कायम डावीकडे खेचायचा आणि एका चाकाचा पीयू सहा महिन्यांत निम्मा झिजला.

११. पहिली फेरी

आधी रिकामा, मग अर्ध्या भाराने, मग पूर्ण भाराने, प्रत्येक वेळी खडूच्या खुणांवरून पूर्ण रस्ता फिरवा. पूर्ण भार असताना रॅकला ताणकाटा अडकवा आणि आडवा ओढून दोन आकडे टिपा: जागचा हलताना किती आणि चालू असताना किती. चाचणीपुरतं ओढणं चालेल, तेही दूर उभं राहून.

तुलनेला ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शिकेतले आकडे वापरता येतात: पुरुषांसाठी सुरुवातीचा जोर २० किलो आणि चालू ठेवायला १०, स्त्रियांसाठी १५ आणि ७. आमच्या जुन्या रबरी चाकांवर सुरुवातीलाच काटा ४५च्या पुढे गेला होता. पीयूच्या १५०च्या चाकांवर तो १९ला थांबला. तुमचा आकडा २५-३० येत असेल तर आधी फिक्स चाकं समांतर आहेत का आणि बेअरिंग घट्ट आवळलं गेलंय का ते बघा, मगच चाक बदलायचा विचार करा.

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. रंगाचा थर दबून ते सैल होतातच. महिन्याला ब्रेक तपासा आणि चाकाच्या आसात गुंडाळलेली पॅकिंगची पट्टी, सुतळी, केस काढा. तीन महिन्यांनी ग्रीस. रॅकच्या दर्शनी अँगलवर मोठ्या अक्षरात रंगवा: "कमाल माल ७८० किलो". आमच्या इथे रात्रपाळीने एकदा त्याच्याखाली "पोटभर जेवण वेगळं" असं खडूने लिहिलं होतं, म्हणजे निदान वाचतात तरी.

स्टोअरमध्ये दोन फिरती आणि दोन फिक्स चाकं त्याच लॉटची शिल्लक ठेवा. चाक बदलायची वेळ आली की एकटं बदलू नका, त्या टोकाची जोडी बदला. वर्षभर झिजलेल्या चाकाशेजारी नवं चाक लावलं की त्याचा व्यास ३-४ मिमीने जास्त भरतो, आणि रॅक पुन्हा तीन पायांवर उभा राहतो.